पांढरे तेल

नावेच्या मोटारीचा खालचा स्क्रू सैल केला तेव्हा तेलाआधी पाणी आले. दोन-तीन चमचेच असेल, पण स्वच्छ होते, आणि त्या स्वच्छपणानेच माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर मोटार उभी टांगून ठेवल्यामुळे जड पाणी तळाशी बसले होते आणि तेल त्याच्यावर राहिले होते. पाण्यामागून जे आले त्याला तेल म्हणणे कठीण होते. ताकाच्या रंगाचा, घट्टसर, फेसाळ असा काहीतरी रबरबाट सावकाश ओघळत खाली ठेवलेल्या चहाच्या ग्लासात जमू लागला. या मोटारीच्या खालच्या गिअरकेसमध्ये जेमतेम १०० मिलिलिटर तेल मावते, म्हणून मी मुद्दाम टपरीवरचा जुना ग्लास मागून आणला होता. आत होते तेवढे सगळे त्यात मावले, आणि त्यातला बराचसा भाग तापीचा होता.

आप्पा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी ग्लास उचलून उन्हाकडे धरला, थोडा हलवला आणि परत जमिनीवर ठेवला. "नाना, हे आजचं नही," ते म्हणाले. "हे जुनं पानी आहे."

त्या क्षणापर्यंत मी सगळा दोष एका विहिरीला देत होतो.

मोटार माझी आणि नाव आप्पांची, असा आमचा जुना व्यवहार आहे. मी भुसावळच्या लोको शेडमध्ये ३१ वर्षे फिटर म्हणून काम केले आणि निवृत्त झालो, त्या वर्षीच पाच हॉर्सपॉवरची ही टू-स्ट्रोक जपानी मोटार कुणीतरी टाकून दिल्याच्या भावात मिळाली म्हणून घेऊन ठेवली. वजन वीस-एकवीस किलो, एका हाताने उचलून मोटारसायकलच्या मागे बांधता येते. आप्पा भोई आहेत. हतनूरच्या पाण्यात, तापी आणि पूर्णा जिथे मिळतात त्या चांगदेवच्या बाजूला, त्यांच्या घरची जाळी वडिलांच्या काळापासून पडत आली आहेत. वल्ह्याने जितके लांब जाता येते त्याच्या दुप्पट लांब मोटारीने जाता येते, एवढा त्यांचा फायदा. हिवाळ्यात पहाटे त्यांच्याबरोबर पाण्यावर जाऊन पाखरे बघता येतात, एवढा माझा. पेट्रोल निम्मे निम्मे. दुरुस्ती मात्र ठरल्याप्रमाणे माझ्याकडे, कारण दोघांत शिकलेला मेस्त्री मी.

हतनूरचे धरण १९८२ साली झाले. ४१ दरवाज्यांचे हे धरण आमच्या भागातल्या कितीतरी गोष्टींना पाणी पाजते. दीपनगरच्या वीज केंद्राला, ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांना आणि रेल्वेलाही. म्हणजे नोकरीभर मी जे पाणी प्यायलो ते याच जलाशयाचे. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहत समुद्राकडे जाते आणि वाटेत आमच्याकडे काळ्या रानातला भरपूर गाळ घेऊन येते. हतनूर गाळाने भरत चालले आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जिथे पूर्वी बांबू बुडत असे तिथे आता तो कमरेएवढ्या पाण्यात चिखलाला टेकतो. त्या गाळात बाभळीची खोडे आहेत, जुने बांध आहेत, आणि धरणात गेलेल्या शिवारातल्या दगडी विहिरी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या उघड्या पडतात. हिवाळ्यात त्या पाण्याखाली हातभर असतात आणि कुठे आहेत ते फक्त आप्पांना माहीत असते.

त्या दिवशी मोटार मी चालवत होतो. पौषातली पहाट होती, पाण्यावर धुके होते, आणि लांब कुठेतरी बसलेला बदकांचा थवा उठेल या आशेने मी थोडा जास्तच वेग दिला होता. आप्पा पुढे उभे राहून जाळ्याचे तरंगते डबे शोधत होते. त्यांनी हात वर केला, म्हणजे डावीकडे घ्या. मी तो हात पाहिला, पण उशिरा. 'ठक्' असा एकच आवाज झाला, मोटार मागून उचलली गेली आणि परत पाण्यात पडली. इंजिन चालूच होते. नाव पुढे जाईना, आणि पाण्याखालून दात चावल्यासारखी करकर येऊ लागली. मी इंजिन बंद केले. उरलेले अंतर आम्ही वल्ह्याने कापले, आणि त्या सगळ्या वेळात आप्पा एक शब्द बोलले नाहीत, हे मला चांगलेच टोचले.

अशा मोटारीचे दोन भाग मानावेत. वर इंजिन, आणि खाली पाण्यात बुडलेला पाय. कागदोपत्री त्याला लोअर युनिट म्हणतात, आप्पा 'मशीनचा पाय' म्हणतात, आणि मला आप्पांचा शब्द जास्त बरोबर वाटतो. कारण ठेच लागते ती पायालाच. इंजिनातून एक उभा दांडा खाली उतरतो. त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन असते, आमच्या मोटारीत १३ दातांचे. ते समोरच्या आणि मागच्या अशा दोन मोठ्या बेव्हल, म्हणजे तिरप्या दातांच्या, गिअरांना एकाच वेळी फिरवते. दोन्हींना २७ दात. ही दोन गिअरे सदैव एकमेकांच्या उलट फिरत असतात, पण नावेला ढकलणाऱ्या पंख्याच्या आडव्या शाफ्टवर ती मोकळी बसलेली असतात, त्यामुळे न्यूट्रलमध्ये गिअरे गरगरत असली तरी पंखा शांत राहतो. त्या दोघांच्या मधोमध शाफ्टवर सरकणारा एक दातेरी डॉग क्लच असतो. तो पुढे सरकला की पुढच्या गिअरला धरतो आणि नाव पुढे जाते, मागे सरकला की मागे. इंजिनाचे ५००० फेरे पंख्यापर्यंत पोहोचताना २४०० च होतात, पण जोर दुपटीहून जास्त होऊन येतो. एवढी सगळी यंत्रणा माणसाच्या दोन मुठींएवढ्या ॲल्युमिनियमच्या कवचात बसवलेली असते, आणि तिला वंगण म्हणून ग्लासभर तेल. माझे सगळे आयुष्य ट्रॅक्शन मोटारीच्या पिनियनने चाकाच्या धुरीवरचे मोठे गिअर फिरवण्याच्या सान्निध्यात गेले. तिथली गिअरकेस उतरवायला चार माणसे लागतात. ही हातात घेऊन पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आले होते. खेळणे समजून तिच्याकडे पाहिले, हीच पहिली चूक.

आता पांढऱ्या तेलाबद्दल. पाणी आत गेले की ते तेलात घुसळले जाते आणि तेल दुधाळ होते, हे कुणीही सांगेल. ते जाते कसे, हे पाहण्यासारखे आहे. मोटार तासभर चालली की गिअरकेस गरम होते, आतली हवा आणि तेल फुगते. इंजिन बंद करून नाव काठाला लागली की तोच पाय थंड पाण्यात निवतो, आतली हवा आक्रसते, आणि आतून बाहेरून दाब सारखा व्हावा म्हणून कवच बाहेरून काहीतरी ओढू पाहते. शाफ्टभोवतीचे रबरी सील धड असेल तर काही येत नाही. सीलच्या ओठाला केसाएवढी चीर असेल तर थेंब थेंब पाणी आत येते. रोज थोडे, न चुकता. आणि आमच्या पाण्यात सील कापणारी वस्तू सगळीकडे आहे. जुन्या जाळ्यांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पंख्याच्या मागे गुंडाळला जातो, फिरत फिरत आत सरकतो आणि सुरीसारखा सीलला चिरत राहतो. मी पंखा काढला तेव्हा त्याच्यामागे तंगुसाची अशी एक घट्ट विडी मिळाली की ती पकडीने तोडून काढावी लागली. तिच्या आतल्या थरांचा रंग उडून गेला होता. दोन हंगामांपूर्वीचा असावा.

पाय उतरवणे सोपे निघाले. गिअरच्या दांड्याचा जोड सोडवला, बोल्ट काढले, लाकडी मोगरीने दोन हलके ठोके दिले आणि पाय हातात आला. गोड्या पाण्यातली मोटार असल्याचा हा एक मोठा फायदा. समुद्रावर हेच बोल्ट ॲल्युमिनियमशी असे एकजीव होतात की ते फिरण्याऐवजी तुटतात. आत मात्र परिस्थिती वाईट होती. पिनियनचे दोन दात उडालेले, पुढच्या गिअरचा एक दात अर्धा गेलेला, पंख्याचा शाफ्ट वाकलेला. कवचाच्या खालचा उभा पर, जो पंख्याला दगडधोंड्यापासून राखतो, तो बोटभर मोडून गेलेला. इतके विहिरीने केले, असे म्हणता येईल. पण पुढच्या गिअरमागचे बेअरिंग मी धुऊन पाहिले तर त्याच्या गोळ्यांवर तपकिरी खड्डे पडलेले होते. गंज एका पहाटेत होत नाही. आप्पांचे बरोबर होते.

आणि आता जे सांगायचे आहे ते मी आप्पांनाही चार दिवसांनी सांगितले.

या लहान मोटारींत पंखा शाफ्टवर थेट पक्का केलेला नसतो. शाफ्टमधून आरपार एक पाच मिलिमीटर जाडीची पितळी पिन जाते आणि तीच पंख्याला फिरवते. पंखा कुठे आपटला की ती पिन तुटावी, अशी योजना असते. पिन तुटली की पंखा थांबतो, इंजिन मोकळे फिरते, आणि आतले दात वाचतात. नवी पिन घालायला दहा मिनिटे लागतात. आमच्या पाण्यात ती वारंवार तुटत असे. बाभळीची मुळी लागली की तुटे, दोन वेळा तर जलपर्णीच्या ढिगात तुटली. भर पाण्यात वाकून, बोटे गारठलेली असताना, हातातून सटकणारी पिन बसवणे मला कंटाळवाणे वाटू लागले होते. मग मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी हाय-टेन्साइल, म्हणजे सहजी न तुटणाऱ्या पोलादी बोल्टचा तुकडा कापून, घासून, नेमक्या मापाचा करून तिथे बसवला. इतका सुंदर बसला की मी तो आप्पांना दाखवला होता. ३१ वर्षे ज्याने फ्यूजच्या जागी तार लावणाऱ्या पोरांना शिव्या दिल्या, त्याने हे केले.

विहिरीवर आपटल्यावर माझी पिन तुटली नाही. पंखा काढल्यावर ती तशीच चकचकीत निघाली, एक ओरखडा नाही. सगळा हिसका आत गेला आणि आत गंजलेले बेअरिंग त्याची वाटच पाहत होते. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ पिनेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग दगडाले कशाले दोस देता, नाना? त्यो बिचारा जागेवरच व्हता." पुढे ते हसले, म्हणून मीही हसलो.

दुरुस्त करावे की बदलावे, या प्रश्नाचा हिशेब मी वहीत मांडला. अख्खा नवा पाय घ्यायचा तर त्याची किंमत मोटारीच्या किमतीच्या वर जात होती. तो विचार तिथेच संपला. सुटे भाग नवे घ्यायचे तर पिनियन आणि दोन्ही गिअरे संचानेच घ्यावी लागतात. नव्या दाताला जुन्या दाताशी लावले तर दोन्ही लवकर जातात, हे कुठल्याही शेडमधला पोरगाही सांगेल. संच, शाफ्ट, बेअरिंगे, सील आणि पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा असा सगळा मिळून आकडा नव्या पायाच्या जवळपास आला. तिसरी वाट जुन्या, मोडीत काढलेल्या मोटारीचा पाय शोधण्याची. जुन्या यंत्राच्या मालकाला शेवटी याच वाटेने जावे लागते. ज्या कंपनीची मोटार आहे ती भाग करते आहे तोवर ठीक. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ साली आपली आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागच्या फळीला बाहेरून लावायची मोटार बाजारात आणली, आणि त्याच्या नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० साली कायमचे बंद करण्यात आले. १११ वर्षे चाललेल्या नावाची ही गत, तर बाकीच्यांनी काय भरवसा द्यावा.

आमच्या खानदेशात बोटी नाहीत असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यामुळे बोट हाच रस्ता झाला आहे, दवाखानासुद्धा तिथे पाण्यावरून जातो. नवापूरच्या बाजूला उकाई धरणाचे पाणी आहे. पण जुन्या मालाचा बाजार समुद्राकाठी आहे, म्हणून मी किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. मॉडेल सांगितले, फोटो पाठवले. "काका, सेम टू सेम आहे, डोळे मिटून लावा," तो म्हणाला. पैसे आगाऊ घेतले. पार्सल आठ दिवसांनी आले. पोते उघडले आणि दिसले की उभा दांडा माझ्यापेक्षा पाच इंचांनी लांब. या मोटारी दोन उंचीच्या येतात, नावेची मागची फळी १५ इंचांची असेल तर आखूड पायाची आणि २० इंचांची असेल तर लांब पायाची. मी आखूड मागितला होता, त्याने लांब पाठवला. शिवाय कवच खाऱ्या पाण्याने पार पोखरले होते. ॲल्युमिनियमवर पांढरे फोड आले होते आणि पाणी वर जाण्याच्या वाटेत मिठाचे दगड बसले होते. फोन केला तर 'जुना माल परत होत नाही' एवढेच उत्तर मिळाले. त्याच्याशी भांडण्यात मी दोन दिवस घालवले, ते दोन्ही दिवस वाया गेले.

तिसऱ्या दिवशी राग उतरल्यावर पोते पुन्हा उघडले. आतली गिअरे काढून रॉकेलने धुतली आणि पाहत राहिलो. दात धारदार, डॉग क्लचच्या कडा चौकोनी. हा क्लच पाहूनच त्या मोटारीचा जुना चालक ओळखता येतो. गिअर टाकताना जो घाबरून हळूहळू ढकलतो त्याच्या क्लचच्या कडा एकमेकींवर घासून गोल होतात आणि मग जोर दिला की गिअर सुटतो. जो इंजिन मंद ठेवून एकदाच निर्धाराने टाकतो त्याच्या कडा वर्षानुवर्षे टिकतात. हा दुसऱ्या जातीचा माणूस होता. मनातल्या मनात मी त्या अनोळखी कोळ्याचे आभार मानले. शाफ्टही सरळ होता. कवच बाद, पण आतला ऐवज उत्तम. माझ्याकडे नेमके उलटे होते. तेव्हा माझे कवच, माझा आखूड उभा दांडा, आणि त्याची गिअरे व शाफ्ट, असे लग्न लावायचे ठरले.

आमच्या भागात आउटबोर्डचा मेस्त्री शोधून सापडणार नाही, पण केळीला पाणी देणाऱ्या सबमर्सिबल पंपांची आणि जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, आणि पाण्याला बाहेर ठेवून फिरणारा दांडा आत कसा ठेवायचा, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जेवणातला आहे. जळगावच्या बेअरिंगच्या दुकानात मी जुने सील काउंटरवर ठेवले. दुकानदाराने त्यावरचे आकडे वाचले. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. "कोणत्या पंपाचं?" त्याने विचारले. मी म्हणालो, नावेचे. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग काही न विचारता दोन सील काढून दिले. बेअरिंगेही तिथेच मिळाली. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा मात्र मुंबईहून मागवावा लागला. तो जुना होता तोही चालला असता, पण पाय उतरवलेला असताना जुना पंखा परत बसवणे हा शुद्ध आळस होय. हाच पंखा इंजिनाला थंड ठेवणारे पाणी वर ढकलतो, पाण्याविना मिनिटभर फिरला तरी त्याची पाती करपतात, आणि गाळाच्या पाण्यात तर तो एरवीही लवकर झिजतो.

मोडलेला पर जोडण्यासाठी कवच अरगॉन वेल्डिंगवाल्याकडे नेले. त्याआधी आतले सगळे काढून ते रिकामे केले होते, कारण ॲल्युमिनियम उष्णता लांबवर नेते आणि आत सील राहिले असते तर करपले असते. वेल्डरने विचारले, घासून पॉलिश करून देऊ का. मी नको म्हणालो. सांधा दिसू दे.

जुळणीचे काम मी घरी, मागच्या पडवीत केले. एका घरची गिअरे दुसऱ्या घरात बसवताना ती नुसती आत गेली म्हणून भागत नाही. कवचाच्या कोरणीत केसभर फरक असतो आणि तो फरक शिमच्या पातळ चकत्या घालून भरून काढावा लागतो. नाही तर दात फार घट्ट बसून गरम होतात किंवा फार सैल बसून आदळत राहतात. शेडमध्ये करत असू तेच केले. पिनियनच्या दातांना निळे मारले, म्हणजे गिअरवर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, सगळे जोडले, शाफ्टला थोडा भार देऊन हाताने फिरवले आणि उघडून पाहिले. निळ्याचा ठसा मोठ्या गिअरच्या दातावर मधोमध उमटायला हवा. पहिल्यांदा तो दाताच्या टोकाला, अगदी काठावर उमटला. ०.१ मिलिमीटरची एक चकती बदलली. ठसा आत सरकला, पण वर चढला. पुन्हा उघडले. त्या दिवशी मी ते सहा वेळा जोडले आणि सहा वेळा उघडले, आणि चहा दोनदा थंड झाला. सहाव्या खेपेला ठसा दाताच्या मध्यावर लंबगोल, तांदळाच्या दाण्यासारखा स्वच्छ बसला. शेडमध्ये कितीतरी पिनियन बसवली, पण त्या दाण्याने जो आनंद झाला तो निवृत्तीनंतर पहिलाच.

सील बसवताना तोंड कोणत्या बाजूला, हा प्रश्न मी उरू दिला नव्हता. जुने काढतानाच वहीत चित्र काढून ठेवले होते. कडेला ग्रीस लावून, योग्य मापाच्या सॉकेटवर ठोकून दोन्ही सील सारखे आत घातले. मग तेल घालण्याआधीची परीक्षा. वरच्या स्क्रूच्या भोकाला नळी जोडली, नातवाच्या सायकलच्या पंपाने आत दहा पौंडांच्या आसपास हवा भरली आणि सगळा पाय कपडे भिजवायच्या टबात बुडवला. हवा सुटली तर बुडबुडे येतात. शाफ्टजवळ काही नाही, उभ्या दांड्याजवळ काही नाही. खालच्या स्क्रूशी मात्र थोड्या थोड्या वेळाने एकेक बुडबुडा सुटत होता, मोहरीएवढा. स्क्रूखालचे वायसर जुने होते. पाच रुपयांची वस्तू मी विसरलो होतो. नवे घातले आणि शाफ्ट हाताने फिरवत पुन्हा बुडवला. टबातले पाणी स्थिर राहिले. सूनबाईंचा टब मी साबणाने दोनदा धुऊन परत केला.

तेल खालच्या भोकातून भरतात, वरच्या नव्हे. वरून भरले तर हवा आत कोंडते आणि भरले असे वाटून निम्मेच भरते. खालून दाबत नेले की हवा पुढे पुढे ढकलली जाऊन वरच्या भोकातून निघते, आणि तिच्यामागून तेल डोकावले की आधी वरचा स्क्रू बंद करायचा, मगच खालची नळी काढायची. सोनेरी ९० नंबरचे गिअर तेल, ग्लासभर.

पाय वर चढवताना आप्पांना बोलावून घेतले, कारण तीन गोष्टी एकाच वेळी जुळवाव्या लागतात. उभ्या दांड्याच्या खाचा इंजिनाच्या खाचांत गेल्या पाहिजेत, पाण्याची नळी तिच्या रबरी तोंडात शिरली पाहिजे, आणि गिअरचा दांडा आपल्या जोडात. खाचा जुळत नसल्या तर बोल्ट आवळून पाय वर ओढण्याचा मोह होतो, आणि तिथेच नवीन काम पुन्हा मोडते. आप्पांनी पाय खालून धरला, मी गिअर टाकून पंख्याचा शाफ्ट अगदी किंचित फिरवला, आणि खाचा आपोआप एकमेकींत उतरल्या. पाय आपल्या जागी बसला, बोटभरही फट नाही.

शाफ्टमध्ये पितळी पिन घातली. अजून पाच पिना, एक पक्कड आणि पंखा अडकवायच्या कॉटर पिना असे सगळे औषधाच्या रिकाम्या डबीत भरून डबी नावेला दोरीने बांधली. बांधायचे काम आप्पांनी केले.

फाल्गुनात पाण्यावर गेलो. इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सुटली, तीच रबरी पंखा काम करत असल्याची खूण. पुढचा गिअर टाकला. करकर नाही, फक्त एक 'टक्'. मागचा टाकला, तोही घेतला. दहा तास चालवून झाल्यावर तेल काढून पाहिले. थोडे राखाडी झाले होते, नवे दात एकमेकांशी बसताना तेवढी बारीक पूड पडायचीच, पांढरे नव्हते. आप्पांनी ग्लास पुन्हा उन्हाकडे धरला, या वेळी जरा जास्त वेळ. "चालंन," म्हणाले.

मेमध्ये भुसावळ तापून निघाले होते आणि पाणी पार खाली गेले होते. नाव चिखलात होती, मोटार माझ्या पडवीत. एका संध्याकाळी आप्पा मला भेगाळलेल्या गाळावरून चालत ती विहीर दाखवायला घेऊन गेले. काठाचे दगड अजून ताठ उभे होते, आत गाळ भरलेला. पूर्वेच्या बाजूच्या एका काळ्या दगडावर रुपेरी ओरखडा होता, तीन बोटे लांब, नवा असल्यासारखा चकाकणारा. त्याच्याखाली वाळलेल्या चिखलात मोडलेल्या पराचा तुकडा अडकला होता. आप्पांनी तो नखाने उकरून काढला, लुंगीला पुसला आणि तळहातावर तोलून पाहिला.

"जाळ्याले वजन म्हनून लावतो म्हटलं," ते म्हणाले, "पन हे तं हलकं आहे. चालत नही." आणि त्यांनी तो विहिरीत टाकला.